तांड्याची भाषा, हिंदीचा रकाना

उत्तर मॅसिडोनिया हा देश ग्रीसच्या डोक्यावर आणि बल्गेरियाच्या शेजारी आहे. २०२१ च्या शिरगणतीत तिथली वस्ती भरली १८,३६,७१३. आपल्या परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या होती १८,३६,०८६. फरक अवघ्या ६२७ माणसांचा. जिंतूरकडचा एखादा तांडा त्यात सहज बसेल. योगायोगापलीकडे या आकड्यांना अर्थ नाही. पण परभणीएवढ्या त्या देशाच्या भाषेवरून युरोपात केवढे रामायण घडले हे वाचल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या एका भाषेकडे नीट पाहायला हरकत नाही.

तिकडचे भांडण असे. बल्गेरिया म्हणते, तुमची भाषा म्हणजे आमच्याच भाषेची बोली. १९४५ साली वेगळी वर्णमाला काढलीत म्हणून काही ती स्वतंत्र होत नाही. मॅसिडोनिया म्हणते, भाषा आमच्या घरातली आहे, ती लिहायला कधी घेतली हा प्रश्न निराळा. क्रस्ते मिसिरकोव्ह या गृहस्थाने १९०३ मध्ये सोफियात एक पुस्तक छापून ही भाषा लिहायची कशी आणि कोणत्या भागातली बोली पायाला घ्यायची याचा आराखडा मांडला, तर तिथल्या पोलिसांनी त्याच्या प्रतीच नष्ट केल्या. २ ऑगस्ट १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, ती राज्यभाषा म्हणून जाहीर झाली. पुढच्या मे महिन्यात वर्णमाला ठरली आणि प्रिलेप, बितोला, वेलेस या मधल्या पट्ट्यातली बोली प्रमाण धरली गेली. गंमत म्हणजे १९९२ मध्ये या नव्या देशाला मान्यता देण्यात बल्गेरियाच पुढे होती. तिने देश मानला, भाषा मात्र मानली नाही. १९९९ मध्ये दोघांना एका जाहीरनाम्यावर सह्या करायच्या होत्या. तो कोणत्या भाषांत लिहिला हे नमूद करायचे कसे, यावर घोडे अडले. शेवटी, दोन्ही देशांच्या घटनांप्रमाणे ज्या अधिकृत भाषा आहेत त्यांत, अशी तोड निघाली. ग्रीसने २०१८ च्या प्रेस्पा करारात ‘मॅसिडोनियन भाषा’ हे शब्द मान्य केले. नोव्हेंबर २०२० मध्ये मात्र बल्गेरियाने इतिहास आणि भाषेचा हाच मुद्दा काढून त्या देशाच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी रोखून धरली.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण कोकणीच्या वादात बल्गेरियाची भूमिका आपणच वठवली होती. कोकणी ही मराठीची बोली, असे सांगणारे आपल्याकडे थोरथोर विद्वान होते. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आणि वाद निदान कागदावर तरी मिटला. भांडणाचा एक फायदा असतो, दोन्ही बाजूंना आपले म्हणणे लिहून काढावे लागते. परभणीतल्या ज्या भाषेबद्दल मी सांगणार आहे तिच्या वाट्याला तेवढेही आले नाही. तिची जागा परस्पर ठरली.

ही भाषा म्हणजे गोरमाटी. जिंतूरच्या डोंगराळ भागात, गंगाखेड-पालमकडच्या बालाघाटाच्या पायथ्याला आणि इतरही तालुक्यांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. ते स्वतःला गोर म्हणतात आणि बाकीच्या सगळ्यांना कोर. बाहेरचे लोक त्यांच्या भाषेला लमाणी, लभाणी, लंबाडी, बंजारी, गोरबोली अशा डझनभर नावांनी ओळखतात. तांड्यातली बाई बाजारात आली की दुकानदाराशी मराठीत बोलते, मोंढ्यातल्या बागवानाशी त्याच्या दखनीत. घरी मात्र आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी, माझे-तुझे म्हणजे मारो-तारो आणि ‘आहे’च्या जागी ‘छ’. गुजराती किंवा जयपूरकडच्या माणसाने दाराआडून ऐकले तर आपल्याकडचे कुणी बोलत असावे असे त्याला वाटेल आणि दोन वाक्यांनंतर तो बुचकळ्यात पडेल. जाता जाता एक खुलासा करून ठेवतो, कारण पुण्या-मुंबईकडे हा घोळ नेहमी होतो: गंगाखेड-परळीकडचे वंजारी वेगळे आणि बंजारा वेगळे. वंजाऱ्यांची घरची भाषा मराठीच आहे, आणि सरकारदरबारीही दोघांचे प्रवर्ग निराळे आहेत.

राजस्थानी वळणाची ही भाषा गोदावरीच्या खोऱ्यात आली ती बैलांच्या पाठीवरून. बंजाऱ्यांचा धंदा लदेणीचा. धान्य आणि मीठ गोण्यांत भरायचे, गोण्या बैलांवर लादायच्या आणि शेकडो कोस चालायचे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्नियेने लिहून ठेवले आहे की असा तांडा आडवा आला की तो संपेपर्यंत गाडीवानाला दोन-दोन दिवस खोळंबावे लागे. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग दाणा पोचवणारे हेच होते. भंगी आणि जंगी या दोन नाईकांना शहाजहानच्या वजिराने ताम्रपट दिला आणि त्यावर सोन्याची अक्षरे होती, ही कथा तांड्यांत आजही सांगितली जाते. तिच्यात किती तथ्य आणि किती अभिमान हे ज्याचे त्याने ठरवावे, पण फौजेला त्यांच्यावाचून चालत नव्हते एवढे पक्के. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली मराठ्यांवर चालून आला आणि आजच्या जालना जिल्ह्यात असईला लढाई झाली, तेव्हाच्या त्याच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो. ते दाणा घेऊन येत आहेत का, कधी येणार, इतका उशीर का, ही त्याची सततची काळजी. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने बंजाऱ्यांची माहिती गोळा करून मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे ठेवली, ती १८१९ मध्ये छापून आली.

त्या काळी भाषा हा त्यांच्या धंद्याचा भाग होता. निझामाच्या मुलखातून पेशव्यांच्या मुलखात, तिथून म्हैसूरकडे जाणाऱ्या तांड्याला वाटेत चार भाषा लागत. त्या कामापुरत्या येत असत. आपसातले भाव आणि वाटेवरचे धोके मात्र गोरमाटीत बोलायचे, म्हणजे कोराला कळत नाही.

मग आगगाडी आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीवरून हैदराबादेकडे जाणारी निझामाची मीटर गेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. सेलू आणि मानवतचा कापूस डब्यांत भरला जाऊ लागला आणि दोनशे बैलांच्या तांड्याला भाडे मिळेना. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही बेकारी आपल्या इतिहासात फार कुणी नोंदवलेली नाही. भंग्या भुक्या या तेलंगणातल्या इतिहासकाराने, जो स्वतः त्याच समाजातला आहे, निझामाच्या राज्यातल्या लंबाड्यांवर २०१० मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले, तोवर ती इंग्रजांच्या गॅझेटियरमधल्या दोन ओळींत मावली होती. व्यापार गेला, बैल राहिले. गुरे चारणे, जंगलतोड, शेतमजुरी अशी घसरण सुरू झाली आणि त्यातच गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तांडा थांबला तो गावापासून लांब, डोंगराच्या कडेला. भाषा टिकली त्याचे एक कारण हे लांब राहणेही आहे.

याच सुमारास ही भाषा पहिल्यांदा शास्त्राच्या कागदावर आली. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. भिल्ली, खानदेशी आणि बंजारी किंवा लभाणी, असे त्याचे विषय. ग्रिअर्सनची पद्धत ठरलेली होती: बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक भाषेत करून मागवायची आणि मग व्याकरण तपासायचे. त्याने निदान केले की पंजाब-गुजरातकडची बंजारी एक आणि उरलेल्या देशातली दुसरी, दुसरीचा नमुना वऱ्हाडातला, आणि सगळीचा पाया राजस्थानी. पण या सर्वेक्षणात हैदराबाद संस्थान नव्हतेच. मद्रास इलाखा आणि म्हैसूरही नव्हते. म्हणजे गोर लोकांची दाट वस्ती जिथे होती तो बहुतेक मुलूख वगळून निकाल दिला गेला. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोली, जी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. पलीकडे वाशिम, इंग्रजांच्या ताब्यातले वऱ्हाड. पलीकडच्या तांड्यातली भाषा नमुना ठरली आणि अलीकडच्या तांड्याला कुणी विचारले नाही. दोन्ही तांड्यांत सोयरिकी होत्या, पण सर्वेक्षणाच्या नकाशावर नदी आडवी होती. ग्रिअर्सनला यात दोष देण्यात अर्थ नाही, निझामाच्या हद्दीत त्याची सत्ता चालत नव्हती. पुढच्यांनी मात्र त्याचा निष्कर्ष उचलला आणि त्याची मर्यादा सोडून दिली, हे खरे दुखणे.

निझामाच्या परभणीत मुळात मराठीचीच कोंडी होती. १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू दरबारी झाली, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात उभे राहिले. बी. रघुनाथांसारखा लेखक दिवसभर निझामाच्या बांधकाम खात्यात उर्दू कागदांवर मान मोडायचा आणि घरी येऊन मराठीत कथा-कविता लिहायचा. मराठवाड्याचा मुक्तिलढा जसा राजकीय होता तसा भाषेचाही होता, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण ज्यांनी आपल्या भाषेवरचा अन्याय अंगावर सोसला होता त्यांच्याही नजरेला शेजारच्या तांड्यातली भाषा दिसली नाही. तिला आपण लमाणांचे बोलणे म्हणत राहिलो.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. परभणीसह मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेलंगणा आंध्रात गेले, गुलबर्गा-बीदर-रायचूर म्हैसूरला. भाषावार प्रांतरचनेचा तो विजय होता, आणि गोर भाषेची त्याच दिवशी तीन राज्यांत वाटणी झाली. तेलंगणातला लंबाडा १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत गेला. कर्नाटकातला अनुसूचित जातीत आहे. परभणीतला विमुक्त जातींत. एकाच घराण्याच्या तीन फांद्या, तिन्हींची भाषा एक, होळीची लेंगी गाणी एक, लग्नात नवरीने गळ्यात पडून म्हणायचा ढावलो एक, आणि दाखले तीन. लिहायला बसले तर लिप्याही तीन: इकडे देवनागरी, तिकडे तेलुगू, पलीकडे कन्नड. हैदराबादच्या कुणी लिहिलेले पुस्तक जिंतूरच्या पोराने वाचून घेतले तर त्याला कळेल, पण ते त्याला स्वतः वाचता येत नाही.

आता जनगणनेकडे येतो, कारण या भाषेचा निकाल तिथे लागला आहे. प्रगणक दारात येतो, मातृभाषा विचारतो आणि सांगाल ते नाव लिहून घेतो, हा नियमच आहे. २०११ मध्ये अशी देशभरातून १९,५६९ नावे जमली. मग भाषा विभागात त्यांची छाननी झाली, १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्या १२१ भाषांच्या रकान्यांत बसवल्या गेल्या. हिंदीच्या रकान्यात एकूण सुमारे ५२ कोटी ८३ लाख माणसे आहेत. त्यांतली आपली मातृभाषा ‘हिंदी’ असे सांगणारी सुमारे ३२ कोटी २२ लाख. उरलेली वीस कोटींवर माणसे भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा पन्नासेक भाषांची. त्याच यादीत एके ठिकाणी ‘लमाणी/लंबाडी’ आहे, सुमारे ३२ लाख ७७ हजार. आणि दुसरीकडे ‘बंजारी’, सुमारे १५ लाख ८१ हजार. एकाच भाषेची दोन नावे, दोन ओळी. बेरीज केली तर आकडा ४८ लाखांवर जातो. आठव्या अनुसूचीतली कोकणी साडेबावीस लाखांची, डोगरी सव्वीस लाखांची, बोडो पंधरा लाखांची. संख्येचाच प्रश्न असता तर गोरमाटी कधीच रांगेत पुढे गेली असती.

व्याकरणाचा असता तरीही. ग्रिअर्सनच्या त्या एका भागात भिल्ली, खानदेशी आणि बंजारी शेजारीशेजारी छापल्या होत्या. आजच्या जनगणनेत भिल्ली स्वतंत्र भाषा आहे, खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, हीसुद्धा स्वतंत्र आहे, आणि बंजारी हिंदीच्या पोटात. या तिघींत बंजारीच हिंदीला जवळची, असे कुठल्या कसोटीने ठरले? मैथिली याच पोटात होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती अनुसूचीत गेली आणि पुढच्या तक्त्यात अलगद वेगळी झाली. दरभंग्यातली माणसे त्या मधल्या काळात काही वेगळे बोलू लागली नव्हती.

या संदर्भात एक गोष्ट मनात खुपते. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मीही मनाने त्या विरोधात होतो. देशात हिंदी बोलणारे किती यावर तेव्हा चिक्कार लिहिले-बोलले गेले. त्या आकड्यात परभणीच्या तांड्यावरची, हिंदीचे एक धड वाक्य न येणारी म्हातारीही मोजलेली आहे, हे कुणाच्या भाषणात आलेले मला आठवत नाही.

भाषेच्या बाजूने काम झाले नाही असे नाही. मांडवीच्या बळीराम पाटलांनी १९३६ मध्ये गोर बंजारा लोकांचा इतिहास मराठीत लिहिला. आत्माराम राठोडांचे ‘तांडा’ हे आत्मकथन दलित-भटक्या साहित्याच्या लाटेत गाजले. रोनाल्ड ट्रेल या अमेरिकन अभ्यासकाचे लमाणीचे व्याकरण १९७० मध्ये ओक्लाहोमात छापले गेले. परभणीहून मुंबई जितकी लांब वाटते त्याच्या कितीतरी पट लांब. गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणात महाराष्ट्राच्या खंडात या भाषेला तिच्या नावाने जागा मिळाली. आठव्या अनुसूचीसाठी ज्या ३८ भाषांच्या मागण्या केंद्राच्या गृहखात्याकडे पडून आहेत त्यांत बंजारा आहे. कोणती भाषा घ्यायची याचे निकष ठरवायला १९९६ मध्ये पाहवा समिती नेमली, २००३ मध्ये सीताकांत महापात्र समिती नेमली. निकष अजून ठरलेले नाहीत, आणि ठरलेले नाहीत हेच उत्तर संसदेत दरवेळी दिले जाते.

मॅसिडोनियाची नक्कल मात्र इथे करता येणार नाही, असे माझे मत आहे. मिसिरकोव्ह आणि त्याच्यामागून आलेल्यांना एक मधला पट्टा सापडला, एक सरकार सापडले, शाळा सापडल्या. गोरमाटीला मधला पट्टा नाही. वऱ्हाडची प्रमाण धरावी तर तेलंगणातले, ज्यांची संख्या मोठी, ते का ऐकतील? तिकडच्या बोलीत तेलुगू शब्द मुरलेत, इकडे मराठी. आणि ज्या तीन राज्यांत ती वाटली गेली त्यांतल्या प्रत्येकाची राज्यभाषा दुसरीच आहे. त्यामुळे आधी प्रमाणभाषा आणि मग मान्यता हा क्रम धरला तर मान्यता कधीच यायची नाही. निदान पहिली-दुसरीच्या पोरांना त्यांच्या बोलीतून धडा समजावणारा मास्तर द्यायला कुठल्याही अनुसूचीची गरज नाही.

२ सप्टेंबर २०२५ ला मराठा आरक्षणासाठी सरकारने निझामकालीन हैदराबाद गॅझेटियर प्रमाण मानले, आणि लगोलग मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले: गॅझेटियर त्यांना चालते तर आम्हालाही चालवा, आम्हाला जमातीत घ्या. त्या मागणीच्या बाजूने वा विरोधात बोलण्याची ही जागा नव्हे. आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे आणि त्यांचीही कारणे आहेत. पण जमात ठरवताना १९६५ च्या लोकूर समितीचे निकष लावतात आणि वेगळी संस्कृती हा त्यांतला एक. तिथे बंजारा कार्यकर्ता पहिला पुरावा ठेवतो तो आपल्या वेगळ्या भाषेचा. त्याच सरकारच्या दुसऱ्या कपाटात ती भाषा हिंदी म्हणून नोंदलेली असते.

पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नसेल तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, अशी रीत. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा ऐन हंगाम. गंगाखेड, पालम, सोनपेठकडचे कितीतरी तांडे तेव्हा मुकादमाची उचल घेऊन सांगली-कोल्हापूरच्या फडांवर, नाहीतर कर्नाटकात असतील. तांड्यावर म्हातारी माणसे आणि कुलपे. प्रगणक फडावरच्या कोपीपाशी जाईल तेव्हा तो त्या भागातला शिक्षक असेल, कदाचित कन्नड बोलणारा, आणि घाईत असेल, कारण गाडी भरायची वेळ झालेली असणार. मातृभाषेच्या रकान्यात त्या कुटुंबाने बंजारा सांगितले, लमाणी सांगितले, की गोरमाटी, यावर ते पुढे कोणत्या ओळीत जाईल हे ठरेल. आणि मुकादमाने परस्पर ‘मराठी लिहा, नाहीतर हिंदी, काय फरक पडतो’ असे सांगितले, तर कोपीतून कुणी बाहेर येऊन त्याला दुरुस्त करायला हवे.